वारा खाली अडवा, धूर वर सोडा

(सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या आशाताई, मंडळीतले कार्यकर्ते आणि बचतगटाच्या भगिनी यांच्या हिवाळी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



पाळकसाहेबांनी मला विचारलं, "ताई, यंदा विषय कोणता घेणार?" मी म्हटलं, "दाराखालची फट." ते हसले. त्यांना वाटलं, ताई आधी फटीचा दाखला देणार आणि मग त्याचा आत्मिक अर्थ काढणार. म्हटलं, नाही हो, खरीखुरी फट, जिच्यातून रात्री वारा येतो ती. तेवढ्यावर तासभर काय बोलणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

मी ईशज्ञानाची पदविका घेतली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. तिथे आम्हाला बरंच काही शिकवलं, पण भिंत कशी लिंपावी ते कुणी शिकवलं नाही. ते मला इथल्या आज्यांनी शिकवलं. आज ज्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत त्यांनी माझं काही चुकलं तर इथेच सांगायचं, घरी जाऊन नाही.

हे भाषण आपल्या वार्तापत्रात छापणार आहेत, म्हणून दूरच्या वाचकांसाठी एक सांगते. नंदुरबार जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं. खाली तापीच्या काठाला ते खरंही आहे. पण वर डोंगरात, तोरणमाळला, डाब आणि वालंब्याच्या बाजूला, कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं. सकाळी गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो. शहरातले लोक त्याचे फोटो काढायला येतात. त्या थंडीत आपली माणसं जमिनीवर झोपतात, आणि वारा जमिनीलगतच येतो. आजच्या बोलण्याचं मूळ एवढंच आहे.

आता दोन घरांची गोष्ट सांगते. दोन्ही घरं माझ्या कामातली आहेत. गावाचं नाव घेत नाही.

पहिलं घर. डिसेंबर महिना होता. पहिलटकरीण, बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, मुलगी एक किलो नऊशे ग्रॅमची. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हिला तर पुष्कळच जपायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आई बाळाला घेऊन घरी आली. आम्ही आपल्या संस्थेकडून दोन ब्लँकेटं दिली, टोपडं दिलं. सातव्या दिवशी आशाताईबरोबर मी गेले. बाळ ब्लँकेटात गुंडाळलेलं, वरून बघावं तर सगळं छान. आशाताईने आत हात घातला. पाय गार. पोटाला हात लावला तर पोटही गार. तुम्हाला शिकवलेलं आहे: पाय गार आणि पोट ऊबदार, तर बाळाला थंडी बाधायला लागली आहे; पोटही गार, तर बाळ थंड पडलं आहे, एक मिनिट घालवायचा नाही. आम्ही बाळ आईच्या चोळीत घातलं, गाडी मागवली, दवाखान्यात नेलं. दुसऱ्या रात्री ते बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले की जंतुसंसर्गही होता. म्हणून एकट्या थंडीने गेलं असं मी म्हणणार नाही.

पंधरा दिवसांनी मी त्या घरी पुन्हा गेले. बसले तर माझ्या पायाला वारा लागला. घरकुलाचं घर होतं, विटांचं, वर पत्रा, लोखंडी दार. बाज दाराच्या समोर, कारण दुसऱ्या बाजूला धान्याच्या कणग्या आणि शेळ्या. दाराखाली फट होती. मी पट्टी लावून मोजली, बरोबर एक इंच. दार तीन फूट रुंद, म्हणजे छत्तीस इंच. आता हिशेब करा. छत्तीस इंच लांब, एक इंच उंच. तेवढीच जागा चौकोनी केली तर सहा इंच बाय सहा इंचांचं भोक होतं. बाळाच्या उशापायथ्याला भिंतीत एवढं भोक असतं तर आपण काय केलं असतं? पहिल्याच दिवशी पोतं कोंबलं असतं. पण तेच भोक दाराखाली लांबट पसरलेलं होतं म्हणून त्याला कुणी भोक म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. मी त्या घरी आधी तीनदा गेले होते आणि तिन्ही वेळा त्या फटीवरून पाय टाकून आत गेले होते.

आता दुसरं घर. हे सांगायला मला जास्त जड जातं, कारण पहिल्या घरी माझ्या हातून काही राहून गेलं होतं, दुसऱ्या घरी माझ्या हातून काही झालं.

पुढच्या हिवाळ्यात मला आवेश चढला होता. जिथे फट दिसेल तिथे बुजवा. मी पाड्यावर दारोदार फिरले. जुनं प्लास्टिक, बारदान, चिखल, काय मिळेल ते. एका घरी तर मी स्वतः शिडीवर चढले. विटांच्या भिंतीवर पत्रा ठेवतात ना, तिथे पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीखाली एक भोक राहतं. वळचणीची ती सगळी भोकं मी बारदान आणि गाऱ्याने भरून टाकली. खिडकीला प्लास्टिक ठोकलं. दाराखाली वाळूचा लोड. घर असं बंद झालं की दिव्याची ज्योत हलेना. घरातली आजी म्हणाली, "बाई, आता गोधडीत पाय गरम होतील." मला फार बरं वाटलं. आपण केलेल्या कामाचं कौतुक झालं की माणूस पुढचा विचार करायचं थांबतो, माझं तेच झालं.

जानेवारीत एका रात्री फार गारठा पडला. आजीला हुडहुडी भरली म्हणून मुलाने चुलीतले निखारे घमेल्यात काढून आत आणले. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसते लाल निखारे, वर थोडी राख. दार लावलं, लोड सरकवला, सगळे झोपले. पाच माणसं. सकाळी शेजारची बाई हाका मारत राहिली, आतून कुणी उत्तर देईना. शेवटी मुलगा रांगत दारापर्यंत आला आणि कडी काढून उंबऱ्यावरच ओकला. सगळ्यांची डोकी फुटायला आलेली. सून पाच महिन्यांची गरोदर, तिला उभं राहता येईना. आजी जागीच होईना. बाजेसकट बाहेर आणलं, 108 ला फोन केला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला. प्रभूची दया, सगळे वाचले. पण आजीला पुढे महिनाभर स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा मुलगा शिडीवर होता. खाली उतरून मला म्हणाला, "ताई, तुम्ही बुजवलेलं मी परत उघडलं." रागाने नाही, साधेपणाने सांगितलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. धूर असेल तर खोकला तरी येतो, माणूस उठून दार उघडतो. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपण त्याला भला समजतो, आणि तिथेच फसतो. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे द्रव्य आहे त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. छातीत हवा जाते आहे, पण रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. पोटातल्या बाळाला याचा धोका आईपेक्षाही जास्त. राखेखाली दडलेला निखारासुद्धा हा वायू सोडत राहतो. म्हणून सकाळी एका घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, असं कुणी सांगितलं तर "ताप आला असेल" म्हणू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, मग विचारा, रात्री घमेलं कुठे होतं.

त्यानंतर कित्येक दिवस मला एक प्रश्न पडला होता. आपल्या जुन्या घरांत चूल आतच, निखारा आतच, शेळ्या आत, माणसं आत. मग पिढ्यान्‌पिढ्या असं का झालं नाही?

उत्तर मला पुढच्या रांगेतल्या या आजींनी दिलं. त्यांनी मला त्यांच्या घरात नेऊन बसवलं आणि म्हणाल्या, वर बघ. वर कौलं. दोन कौलांच्या मधून उजेडाचे बारीक बारीक ठिपके. चुलीचा धूर वर चढत होता, आढ्याला टांगलेल्या मक्याच्या कणसांतून जात होता आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडत होता. बाहेरून बघावं तर सगळं छप्पर वाफाळल्यासारखं. मग म्हणाल्या, आता खाली बघ. खाली बांबूच्या कुडाची भिंत, आतून बाहेरून शेणमातीने लिंपलेली, जमिनीपासून कमरेपर्यंत जाड. दाराला वीतभर उंच लाकडी उंबरा. वाऱ्याला खालून शिरायला जागाच नाही. ज्यांनी हे घर बांधलं त्यांना कार्बन मोनॉक्साइड माहीत नव्हतं. पण ऊन हवा वर जाते आणि गार हवा खालून येते, हे माहीत होतं. म्हणून त्यांनी घर खाली बंद आणि वर उघडं ठेवलं. घरकुलात उंबराच नाही म्हणून खाली उघडं राहिलं, आणि वरचं मी बंद केलं.

जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. त्याच घरात त्या आजींचे डोळे चाळीस वर्षं चुरचुरले. चुलीच्या धुराने बायकांना दम लागतो, लहान मुलांना न्यूमोनिया लवकर होतो. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी गॅस आला, पण टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात आणि डोंगरातून खाली जावं लागतं. म्हणून गॅस आहे त्या घरातही चूल आहेच. ती असणार हे धरूनच आपल्याला बोलायचं आहे.

एक जुनी गोष्ट. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 साली रुग्णसेवेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सगळ्यात पहिली गोष्ट हवेची घेतली आहे. खोलीतली हवा बाहेरच्या हवेसारखी स्वच्छ हवी, पण रोगी गारठता कामा नये, असा त्याचा अर्थ. दोन्ही गोष्टी एकाच दमात. हिंदुस्थानच्या आरोग्याविषयी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पण त्या इथे कधी आल्या नाहीत. आल्या असत्या तर मला वाटतं आमच्या या आजींचं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं.

आता कामाचं बोलू. घरात गेल्यावर आधी काय करायचं? काही करायचं नाही, बसायचं. दार लावायचं, खिडकी लावायची, दिवसा अंधारात बसायचं. जिथून उजेड येतो तिथून वारा येतो. मग ही बघा, कोंबडीचं पीस आणि हातभर दोरा. पीस दोऱ्याला टांगा आणि दाराच्या कडेने, खिडकीच्या कडेने, भिंत आणि जमीन मिळते तिथून हळूहळू फिरवा. जिथे हलेल तिथे कोळशाने खूण. बिडीच्या धुरानेही कळतं. काका लोक, तुमच्या बिडीचा एवढा एकच उपयोग मला सापडला आहे. आणि माणसं जिथे झोपतात तिथे स्वतः आडवं पडून बघा. उभं राहून वारा कळत नाही. मी तीनदा उभीच राहिले होते.

पहिलं काम उंबऱ्याचं. घरकुलात उंबरा नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला, दार बाहेर उघडत असेल तर, चार बोटं उंच विटांची ओळ लावून वरून सिमेंटने गुळगुळीत करा. दार बंद झालं की त्याला टेकलं पाहिजे. दार आत उघडत असेल तर उंबरा बाहेरच्या बाजूला घ्यावा लागेल, नाहीतर दारच अडकेल. हे मी एका घरी करून बसले आहे आणि नंतर छिन्नीने फोडलं आहे. उंबऱ्याने पाणी अडतं, आणि मण्यारीसारखा रात्री फिरणारा साप दाराखालून सरळ अंथरुणात येत नाही, तेही मोठं काम आहे. जिथे म्हातारं माणूस चाचपडत चालतं तिथे उंबऱ्याला पांढरा चुना लावा, अंधारात ठेच लागायला नको.

उंबरा होईपर्यंत लोड. जुन्या पँटचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत वाळू भरा, दुसरं तोंड शिवा. भाताचं तूस भरलं तर हलका होतो आणि वाऱ्याने सरकतो, शिवाय उंदीर फाडतात. वाळू बरी. हा लोड पायाने सरकवता आला पाहिजे. रात्री आग लागली, कुणाला बाहेर पळायचं झालं, तर लहान पोरालाही दार उघडता आलं पाहिजे. म्हणून कडीची उंचीही बघा. आणि खिडकी खिळे मारून कायमची बंद करू नका, कितीही थंडी असू द्या.

दाराच्या बाजूच्या फटीला सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाला फुकट देतो. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापून चौकटीला आतून अशी ठोका की दार लागलं की ती दबेल. नुसता खिळा मारला तर रबर फाटतं. बाटलीचं पत्र्याचं झाकण ठोकून चपटं करा आणि त्यातून खिळा मारा. लाकडी झडपांच्या फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि कणकेची खळ. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, झुरळं लागत नाहीत म्हणून. आपण घालायचं नाही. मोरचूद विष आहे आणि आपल्या घरात रांगती पोरं आहेत. झुरळांनी खाल्लं तर पुढच्या वर्षी परत चिकटवू.

लिंपणाबद्दल मी आज्यांसमोर काय बोलणार! एवढंच सांगते की पावसाने धुतलेली भिंत दिवाळीच्या सुमारास आपण लिंपतो ती बहुतेक छातीच्या उंचीला चांगली लिंपतो, कारण तिथे हात सहज पोचतो आणि पाहुण्याला दिसतं. जमिनीलगतची वीतभर राहते. तिथेच मूस आणि पाणी भोकं पाडतात. या वर्षी आधी बसून खालची वीतभर लिंपा, मग उभ्या राहा. माती, शेण आणि बारीक भूस आदल्या दिवशी भिजवून ठेवा, तुडवा. पहिला थर वाळताना तडकतो, तडकू द्या. तडा गेल्यावर दुसरा पातळ हात फिरवला की तो तड्यांत जाऊन बसतो. एकाच दिवशी जाड थर दिला तर जानेवारीपर्यंत पोपडा पडतो.

हे झालं खालचं. आता वरचं, आणि इथे मी जरा आवाज चढवून बोलते. वळचण बुजवायची नाही. वारा उत्तरेकडून मारतो आणि पाखरांचा, धुळीचा त्रास होतो, तर फक्त त्या एका बाजूची भोकं भरा, समोरची बाजू मोकळी ठेवा. चूल ज्या भिंतीशी आहे त्या भिंतीत आढ्याजवळ, पत्र्याच्या अगदी खाली, निदान दोन विटा काढून झरोका ठेवा, जाळी लावा. धूर तिथेच साचतो. त्या झरोक्यात कुणी चिंधी कोंबली तर घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे की ती काढायची. मी आता जिथे जाते तिथे झरोक्याभोवती चुन्याने गोल काढते. पोरांना सांगते, हा घराचा नाक आहे. घराचं नाक, बरोबर, आजी. म्हणूनच म्हटलं होतं की चुकलं तर इथेच सांगा.

पण झरोका आहे म्हणून निखारे आत ठेवून झोपायचं, असं कुणी समजू नका. झरोका चुलीच्या धुरासाठी आहे, जागेपणी. झोपताना विस्तव घराबाहेर, नाहीतर पाणी मारून पूर्ण विझवलेला. राखेत निखारा जपून ठेवायची आपली रीत आहे, सकाळी काडी वाचते. ती राख आता ओसरीवर जाऊ द्या. शेकायचं असेल तर संध्याकाळी अंगणात सगळे मिळून शेका, आणि वीट किंवा गुळगुळीत दगड विस्तवाजवळ तापवून, फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्यांच्या पायाशी द्या. आधी स्वतःच्या गालाला लावून बघा. तान्ह्या बाळाजवळ मात्र तापलेला दगड नको, त्याची कातडी भाजते आणि ते सांगू शकत नाही.

घरात कुणाला क्षयाची लागण असेल तर हिशेब वेगळा. तिथे हवा कोंडली की जंतूही कोंडतात. त्या माणसाची बाज वारा खेळतो तिथे, दिवसा दार-खिडकी सताड उघडी, अंगावर पांघरूण जास्त. गार वाऱ्याने क्षय होत नाही. कोंडलेल्या हवेत तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

आता बाळाकडे येते. कारण मी सुरुवात तिथून केली होती. दाराची फट बुजवणं हे बाळाच्या ऊबेचं पहिलं काम नाही. पहिलं काम आईची छाती. 1978 साली कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या डॉक्टरांकडे बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडत होत्या. त्यांनी कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. कांगारू नावाचा प्राणी पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, त्यावरून त्याला कांगारू माता काळजी म्हणतात. आपल्याच राज्यात गडचिरोलीला डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला ऊबदार ठेवणं हा मोठा भाग होता. त्या कामाचा अहवाल 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्यामागे हे काम आहे. तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जे बाळ बघायला जाता ते त्यातूनच आलेलं आहे. तर बाळ चोळीत, डोक्यावर टोपडं, पायात मोजे, पहिल्या दिवशी आंघोळ नाही. आणि मग बाज दारासमोरून हलवा. कणगी हलवता येते. शेळी तर चालत जाते.

आपण दरवर्षी ब्लँकेटं वाटतो. देणगीदारांचे आभारच आहेत. पण जमिनीवर झोपणाऱ्याची बरीच ऊब खालून जाते. वर दोन ब्लँकेटं घेण्यापेक्षा एक खाली घ्या, किंवा बारदानात वाळलेलं गवत, भाताचा पेंढा भरून त्यावर झोपा. आणि जी कुटुंबं आता गुजरातेत ऊसतोडीला जातील ती पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीत राहतील. तिथे उंबरा कुठला आणि झरोका कुठला! त्यांच्याबरोबर वाळूचा लोड नाही जाणार, तिथे वाळू मिळेल. पण पँटचा शिवलेला पाय जाऊ द्या, आणि एक वाक्य जाऊ द्या: कोपीत विस्तव घेऊन झोपू नका. प्लास्टिकची कोपी ही मी बुजवलेल्या त्या घरापेक्षाही जास्त बंद असते, आणि पेटते वेगळीच.

याकोबाच्या पत्रात एक माणूस आहे. उघड्यानागड्या भावाबहिणीला तो म्हणतो, जा, सुखाने जा, ऊब घ्या; आणि हातात काहीच देत नाही. माझ्या शिक्षणाच्या काळात त्या उताऱ्यावर मी उपदेश लिहिला होता, गुणही चांगले मिळाले होते. त्यात मी असं लिहिलं होतं की तो माणूस रिकाम्या हाताने बोलला ही त्याची चूक. आता वाटतं, तो त्या भावाच्या घरात जाऊन रात्रभर झोपला नाही, हीही चूकच होती. मी ज्या घराची वळचण बुजवली तिथे मी एक रात्र राहिले असते तर घमेलं आत येताना दिसलं असतं. या डिसेंबरात म्हणून मी चार घरी मुक्काम करणार आहे. कुणाच्या घरी, ते अजून ठरायचं आहे. ज्यांच्याकडे गोधडी जादा आहे त्यांनी नाव द्या.

त्या आजी अजून आहेत. नातवाचं नाव त्यांना आता नीट आठवतं. माझं मात्र आठवत नाही, मला त्या "शिडीवाली बाई" म्हणतात.

बाहेर शेडच्या मागे काल भिजवलेला गारा ठेवला आहे, सायकलच्या ट्यूबही आणल्या आहेत. शिबिराच्या खोलीचं मागचं दार तुम्ही पाहिलं असेलच, त्याच्याखालून माझा हात आरपार जातो. चहा घेऊन सगळ्या तिकडे या, आणि आजी, पीस तुम्ही धरा.